बाप्तिस्म्याच्या हौदात पिवळा दिवा

ट्वायला प्रुएटबद्दल आमच्या पर्किन्स फेरी गावात एक गोष्ट सांगतात. भर रविवारी, भक्तिगीताचं तिसरं कडवं चालू असताना, ती धनुष्य घेऊन माउंट हेब्रन चर्चमध्ये घुसली, बाप्तिस्म्याच्या हौदात माणसाएवढा लांब, सुसरीच्या तोंडाचा 'गार' जातीचा मासा पोहत होता त्याला तिनं एका बाणात आरपार केलं, आणि तोच बाण पुढे जाऊन मागच्या भिंतीवरच्या यार्देन नदीच्या चित्रात घुसला. पेट्रोल पंपावरचा डेल तर ते भोक दाखवायलाही तयार असतो. पंप सोडून चर्चपर्यंत चालत यायला तयार असतो, यावरून काय ते समजा.

खोटं आहे. रविवार नव्हता, बुधवार होता. गाणं नव्हतं, धनुष्य तिच्या ट्रकमध्ये होतं, मासा 'गार' जातीचा नव्हता, 'बफेलो' जातीचा होता. आमच्याकडे त्याच्या बरगड्या तळून पांढऱ्या पावाबरोबर खातात. आणि तो पोहत तर मुळीच नव्हता. फ्रीझरमध्ये पडून त्याचा दगड झाला होता. भिंतीतलं भोक नाताळची माळ टांगायच्या खिळ्याचं आहे. खरं एवढंच की ट्वायलानं त्या हौदात चिखल ओतला. बादल्या भरभरून ओतला. आणि तिला विचारलंत, तर अजून दोन ओतायला हव्या होत्या म्हणेल.

ट्वायला शाळेची बस चालवते. तिचा आवाज आणि बसचा ब्रेक यांत फरक एवढाच की ब्रेकला मधूनमधून तेल घालतात. दोन नवरे झाले, दोघंही जिवंत आहेत आणि दोघंही दुसऱ्या परगण्यात राहतात. तिला कुणी "कशी आहेस?" विचारलं तर ती म्हणते, "तुला काय करायचंय?" आणि हे ती चांगल्या मूडमध्ये असताना.

पण हा आवाज तिचा एकटीचा दोष नाही. प्रुएटांच्या घरात सगळेच असे बोलतात. त्याचं कारण जनरेटर.

तिचा बाप हर्शेल प्रुएट रात्री होडीतून धनुष्यानं मासे मारायचा. सपाट बुडाची पत्र्याची होडी, पुढे उंच फळी टाकलेली, तिच्या काठाला इस्पितळाच्या जुन्या खाटेचे कठडे. फळीवर नेमबाज उभा राहतो, बाणाला दोरी बांधलेली असते, आणि मागे एक जण खुर्चीत बसून होडी सांभाळतो. कठड्याला रस्त्यावर असतात तसले पिवळे मोठे दिवे, आणि ते पेटवायला जनरेटर. तो अशा डरकाळ्या फोडायचा की शेजारी उभ्या माणसाला "मासा!" सांगायचं तर गळ्याच्या शिरा ताणाव्या लागायच्या. हर्शेलनं ट्वायला आणि कॉय या दोन्ही लेकरांना त्या होडीत वाढवलं. ट्वायला मागच्या खुर्चीत, कॉय पुढच्या फळीवर. दोघं बोलायला शिकली ती जनरेटरवर मात करत. पुढे जनरेटर बंद असतानाही आवाज खाली आला नाही.

ती मागची खुर्ची म्हणजे ट्वायलाचं राज्य. बाकी सगळीकडे दुसऱ्यांचं चालायचं, बसमध्ये पोरांचं, शाळेत मुख्याध्यापकांचं, घरी टीव्हीचं. पण बायूच्या, म्हणजे आमच्या दलदलीतल्या संथ ओढ्याच्या, तुंबल्या पाण्यात, सायप्रसच्या बुंध्यांमधून होडी सुईत दोरा ओवावा तशी न्यायची, हे तिच्याइतकं कुणाला जमत नव्हतं, आणि हे तिच्या दुश्मनांनाही मान्य होतं. म्हणजे सगळ्या गावाला.

मागच्या उन्हाळ्यात जनरेटरनं शेवटचा खोकला काढला. हर्शेलचं कंबरेचं हाड आधीच गेलेलं, तो होडीत चढत नव्हता. त्यानं फर्मान काढलं, नवे एलईडी दिवे बसवा. बॅटरीवर चालतात, आवाज नाही, काठावरच्या नव्या बंगलेवाल्यांची शेरीफकडे तक्रार नाही.

आणि इथून भांडण पेटलं.

कॉय प्रुएटचं टायरचं दुकान आहे, आणि चर्चमध्ये तो डीकन, म्हणजे कारभारी, आहे. तो बोलतो ते चर्चमधल्या सूचना वाचल्यासारखं. "तर बंधूंनो, मोबाईल बंद ठेवावेत" या चालीत तो "तर ट्वायला, तुला अक्कल नाही" हेही म्हणतो. त्यानं ट्रकच्या टपावर लावतात तसल्या पांढऱ्याशुभ्र दिव्यांच्या लांब पट्ट्या मागवल्या आणि एका संध्याकाळी दुकानाच्या पत्र्याच्या भिंतीवर त्यांचा झोत मारला. आमच्याकडे दिवे असेच पारखतात. पुरुषमंडळी अर्धगोल करून उभी राहतात, खिशात हात घालून, आणि ज्याच्या दिव्यात भिंत जास्त चकाकते तो जिंकतो.

"बघा!" कॉय म्हणाला. "गंजाचे ठिपके मोजता येतात."

"भिंतीत मासे राहतात का रे कॉय?" ट्वायलानं ट्रकच्या खिडकीतून विचारलं.

"तर ट्वायला, प्रकाश तो प्रकाश."

"बायूचं पाणी दूध घातलेल्या कॉफीसारखं आहे. धुक्यात ट्रकचे मोठे दिवे लावून पाहिलेस कधी? काय दिसतं? पांढरी चादर! तीच चादर घेऊन झोप. आणि हे दिवे टोकदार झोताचे आहेत, लांबच्या हरणासाठी. आपल्याला पसरट हवेत, पाण्याला चिकटून खाली लावायचे. आणि पिवळे. डॅडीचे होते तसे."

"पिवळ्यात सगळ्या जगाला कावीळ झाल्यासारखं वाटतं."

"मग तुला त्यात वेगळं काय दिसणार? आणि पांढऱ्याला पाणकिडे किती येतात माहितेय? मागच्या साली रॉयस टकरनं पांढरे लावले. माणूस जांभई द्यायला गेला आणि पोटभर जेवून घरी आला."

रॉयस टकर तिथेच अर्धगोलात उभा होता. त्यानं मान खाली घातली. पण त्यानंही कॉयच्याच बाजूनं डोकं हलवलं, कारण भिंत खरंच झगझगत होती.

भांडण आठवडाभर चाललं. बस थांब्यावर, टायरच्या दुकानात, बापाच्या जेवणाच्या टेबलावर. शेवटी घेवडा आणि मक्याच्या पावाच्या ताटावर हर्शेलनं चमचा आपटला. म्हाताऱ्याचा आवाज जुन्या दाराच्या बिजागरीसारखा आहे, आधी कुरकुरतो आणि मग एकदम उघडतो.

"पुरे! एका होडीत दोन मालक नकोत. मी काय मेल्यावर वाटणी करू? आत्ताच करतो. ज्याच्या दिव्यात मला मासा दिसेल, होडी त्याची. दुसऱ्यानं उतरायचं."

"किती दिवस?" कॉयनं विचारलं.

"पुन्हा चढायचंच नाही. आणि आता मला वाटाण्याचा डबा दे."

वाटाण्याचा डबा त्याच्या हाताशीच होता. कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

ट्वायला त्या रात्री घरी गेली आणि टीव्हीतल्या बातम्यावाल्यावर तासभर ओरडली. खुर्ची गेली तर आयुष्यभर हेच करत बसावं लागणार होतं.

आता अडचण अशी की म्हातारा होडीत चढू शकत नव्हता, आणि रात्रीच्या दवात त्याची छाती भरायची. म्हणजे दिवसा, अंधाराची, पाणी असलेली, बसायला खुर्ची मिळेल अशी जागा हवी. कॉयनं डोकं लढवलं. माउंट हेब्रन चर्चच्या मुख्य दालनाला खिडक्याच नाहीत. गायकांच्या बाकांमागे बाप्तिस्म्याचा हौद आहे, दोन्ही बाजूंनी पायऱ्या असलेला, आणि येत्या रविवारी बाप्तिस्मे होते म्हणून तो बुधवारपासूनच भरायला लावला होता. किल्ली डीकनकडे. डीकन कॉय.

ब्रदर लिंडेल आमचा नवा पाद्री, वयानं लहान, केस भांगात चापून बसवलेले. त्याचं प्रत्येक वाक्य "मला वाटतं, आपण सगळ्यांनी" असं सुरू होतं, आणि बऱ्याचदा तिथेच संपतं. तो म्हणाला, "मला वाटतं, आपण सगळ्यांनी, पाण्यापाशी बापलेकरं एकत्र येताहेत तर, आनंदच मानावा."

ट्वायलाला हे कळलं तेव्हा ती नुसती "बरं" म्हणाली. इतकं थोडं बोलण्याचा तिचा इतिहास नव्हता. कॉयनं तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

बुधवारी दुपारी शाळेची फेरी आटोपून ती आली. हौदाच्या मागे आमच्या चर्चमधल्या मिस ओपलच्या बहिणीनं रंगवलेली यार्देन नदी आहे. बिचारी कधी परगण्याबाहेर गेली नव्हती, म्हणून यार्देनच्या काठाला सायप्रसची झाडं आहेत, निळा बगळा आहे, आणि डोळे बारीक करून पाहिलं तर झाडामागे एक पिकअप ट्रकही उभा आहे. हौदातलं पाणी नगरपालिकेचं, कोमट केलेलं, असं स्वच्छ की तळाच्या फरशीवरची नाणी दिसावीत. कॉयनं बफेलो मासा लोखंडी तव्याला सुतळीनं बांधून पायऱ्यांजवळ तळाशी सोडला. धप्पकन आवाज झाला. हर्शेल वरच्या पायरीपाशी गायकांच्या खुर्चीत, टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. मिस ओपल बुधवारच्या सामुदायिक जेवणासाठी बटाट्याचं भांडं घेऊन तासभर आधीच आली होती. जिथे भांडण असतं तिथे मिस ओपल तासभर आधीच येते.

कॉयनं दालनातले दिवे घालवले आणि वरच्या कठड्याला बांधलेली आपली पांढरी पट्टी पेटवली. हौद असा उजळला की मिस ओपलनं छातीवर हात ठेवला.

"दिसतंय का डॅडी?"

"दिसतंय."

"स्पष्ट?"

"दिसतंय म्हटलं ना."

"खवले दिसतात का, खवले?"

"कॉय, तुझे खवले काढीन."

मग ट्वायलाचे पिवळे दिवे. हर्शेल तेच म्हणाला, "दिसतंय." कॉय म्हणाला, दिसण्यात कमीजास्त असतं की नाही? मिस ओपलला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून ती म्हणाली, "पांढऱ्यात कसं स्वर्गासारखं वाटतं. पिवळ्यात आमच्या तळघरासारखं. देव तुझं भलं करो, ट्वायला." आमच्याकडे "देव तुझं भलं करो" हे बाईनं बाईला म्हटलं की समजावं, शिवी दिली.

कॉय सूचना वाचायच्या आवाजात म्हणाला, "तर डॅडी, मला वाटतं निकाल उघड आहे."

ट्वायला दाराबाहेर गेली. परत आली तेव्हा दोन्ही हातांत मक्याच्या दाण्यांच्या जुन्या बादल्या होत्या, आणि त्या रिकाम्या नव्हत्या.

"हे काय?" कॉय.

"बायू."

आणि तिनं पहिली बादली ओतली. सकाळी बस काढायच्या आधी, गमबूट घालून, आमच्या घाटाच्या चिखलातून तिनं त्या भरून ठेवल्या होत्या. ट्रकच्या मागच्या हौद्यात अजूनही होत्या. ती जात होती, येत होती, ओतत होती. तपकिरी ढग फरशीवरून यार्देनच्या काठापर्यंत चढत गेला.

"हे पवित्र पाणी आहे!" कॉय किंचाळला. सूचना वाचायचा आवाज पार विरघळला.

"आपण बॅप्टिस्ट आहोत, गाढवा. आपल्यात पाणी पवित्र नसतं. ते नगरपालिकेचं आहे. बाजूला हो."

"डॅडी, बघा ही काय करतेय!"

हर्शेल म्हणाला, "वास ओळखीचा आहे."

"तुला स्वच्छ पाणी हवं होतं ना कॉय?" ट्वायलानं शेवटची बादली उपडी केली. "मग अंघोळीच्या टबात मासेमारी कर. आता लाव तुझा स्वर्ग."

कॉयनं पांढरी पट्टी पेटवली. हौदात पाणी राहिलंच नाही. दुधाची साय पसरावी तशी एक पांढरी भिंत वर आली आणि प्रकाश सगळ्यांच्या तोंडावर उलटा आपटला. मिस ओपलनं डोळ्यांपुढे बटाट्यांचं झाकण धरलं. हर्शेलनं टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली.

ट्वायलानं आपले दिवे वर बांधले नाहीत. ती पायरीवर गुडघे टेकून बसली आणि दिवा हातात धरून, पाण्याला जवळजवळ लावून, तिरका मारला. तपकिरी पाणी चहासारखं झालं. आत फार काही दिसत नव्हतं, उगाच खोटं कशाला बोला. पण पाठीची एक गडद रेघ, शेपटीचा एक कोपरा, एवढं तिला दिसलं. नेम धरायला तेवढं लागतं.

"तो बघ," हर्शेल म्हणाला आणि बोट दाखवलं. "तिथं. होडी ट्वायलाची."

ट्वायलानं बोटाकडे पाहिलं. मग माशाकडे पाहिलं.

बोट होतं पायऱ्यांजवळ, जिथे मघाशी धप्पकन आवाज झाला होता. पण कोमट पाण्यात बर्फ सुटला, चिखल ढवळताना सुतळी सैल झाली, आणि मासा केव्हाच तव्यापासून निसटून पार पलीकडच्या कोपऱ्यात, निळ्या बगळ्याच्या पायांशी जाऊन टेकला होता.

तिनं मान वर केली. कॉयही त्याच कोपऱ्याकडे बघत होता. मग त्यानं बापाच्या बोटाकडे बघितलं. मग तिच्याकडे.

एक वाक्य पुरे होतं. म्हाताऱ्याला दिसत नाही, निकाल रद्द. होडी जशी होती तशी दोघांची. कॉयनं तोंड उघडलं. ट्वायलाला त्याच्या घशाचं हाड हललेलं दिसलं. आणि मग जन्मात पहिल्यांदा कॉय प्रुएटनं उघडलेलं तोंड काही न बोलता मिटलं.

मिस ओपल चिखलाकडे बघत होती. तिला काही कळलं नाही.

"घे तुझी होडी," कॉय म्हणाला. "आणि बुड तिच्यात."

तेवढ्यात जेवणाला येणाऱ्या बायका आपापली भांडी घेऊन दालनात शिरल्या, दिवे लागले, आणि पुढचं कुणालाच धड ऐकू आलं नाही. ब्रदर लिंडेल धावत आला. हौद बघून तो म्हणाला, "मला वाटतं, आपण सगळ्यांनी," आणि पायरीवर बसला. नंतर त्यानं "मला वाटतं" न म्हणता जन्मातलं पहिलं वाक्य बोलून दाखवलं, "ट्वायला, हा हौद तू घासायचास, आणि तू एकटीनं घासायचास." रविवारचे बाप्तिस्मे थेट बायूत करावे लागले. त्याच चिखलात. म्हातारी मंडळी खूश झाली, आमच्या वेळी असंच होतं म्हणाली.

ट्वायलानं हौद घासला नाही. "आज वेळ नाही," असं ती ब्रदर लिंडेलला दर रविवारी सांगायची, आणि हौदाच्या चारी भिंतींवर चिखलाची रेघ वाळत राहिली.

दिवे मात्र तिनं लगेच बसवले. कठड्याच्या खाली, पाण्यापासून हातभर वर, पुढे आणि दोन्ही कडांना, नेमबाजाच्या डोळ्यांवर एक किरण येणार नाही असे. सगळी बटणं आपल्या खुर्चीच्या हातापाशी. होडी दिसत होती राणीसारखी. अडचण एकच होती. पुढच्या फळीवर उभं राहायला माणूस नव्हता.

रॉयस टकर एका संध्याकाळी गेला. परत आल्यावर तो म्हणाला की पाणकिडे परवडले. तिच्या दुसऱ्या नवऱ्याचा पुतण्या निम्म्या वाटेत कुणाच्या तरी खासगी धक्क्यावर उडी मारून उतरला आणि चालत घरी गेला. त्यात जनरेटर नसल्यानं ती फळीवरच्या माणसाला काय काय म्हणते ते काठावरच्या प्रत्येक व्हरांड्यात शब्दन् शब्द पोचायचं. बंगलेवाल्यांनी शेरीफकडे पुन्हा तक्रार केली. जनरेटर बरा होता म्हणाले.

पण ट्वायलाला खरं डाचत होतं ते वेगळंच. कॉय गप्प बसला होता. का बसला? रात्री टीव्हीसमोर बसलं की तिला ते हललेलं हाड आठवायचं आणि बातम्यावाल्यावर ओरडायचंही सुचायचं नाही.

एका दुपारी तिनं बस सरळ टायरच्या दुकानात घातली. बसमध्ये आम्ही पोरं होतो. दार उघडंच ठेवून ती उतरली, तेव्हा ऐकण्याचा दोष आमचा नाही.

"तू त्या दिवशी गप्प का बसलास?"

"कुठल्या दिवशी?"

"मला खेळवू नकोस, कॉय. मासा बगळ्यापाशी होता. डॅडीचं बोट तव्यापाशी होतं. तू बघितलंस."

कॉयनं हातातला पाना पुसला. मग पुन्हा पुसला. "ओपल उभी होती तिथे. मी बोललो असतो तर रविवारपर्यंत अख्ख्या परगण्यात हर्शेल प्रुएटच्या डोळ्यांसाठी प्रार्थना सुरू झाल्या असत्या. प्रत्येक म्हातारी शिजवलेलं भांडं घेऊन त्याच्या दारात. तो मेला असता."

"म्हणजे तू चांगुलपणा केलास."

"मी काही केलं नाही."

"केलास! होडी घालवलीस, आणि माझ्यापुढे चांगुलपणा केलास! लाज नाही वाटली? मी आता त्याचं काय करू? कुठे ठेवू तो?"

"तुला नको असेल तर परत दे."

"परत कसा देऊ, बैला, तो काय टायर आहे?" ट्वायलाच्या आवाजाचा ब्रेक असा लागला की बसच्या काचा थरथरल्या. "गुरुवारी संध्याकाळी घाटावर ये. धनुष्य आण. तोंड आणू नकोस."

"मला तुझ्या पिवळ्या होडीत पाय ठेवायचा नाही."

"मग उडत ये."

ती परत बसमध्ये चढून खुर्चीत बसली, आणि नेमकी त्याच वेळी मागच्या बाकावरून कुणीतरी हुबेहूब तिच्या आवाजात म्हणालं, "तो काय टायर आहे?" आरशात ट्वायलाचे डोळे आले. ते कुणीतरी म्हणजे मी. आणि आता यापुढे मला या गोष्टीत यावंच लागतं, कारण पैज माझ्याशी लागली.

"फार ऐकू येतं नाही का तुला?" ती म्हणाली. "सांग मग. गुरुवारी काय होईल?"

मी म्हणालो, रेल्वेच्या पुलापर्यंत जाऊन यायच्या आत दोघांतला एक जण पाण्यात पडणार. ढकललेला. बस हसली. ट्वायला हसली नाही. ती म्हणाली, "आम्ही दोघं कोरडे परत आलो तर मी सांगेन ते काम तू करायचंस." मी म्हटलं, कबूल. अशी पैज सोडणारा मूर्खच, असं मला वाटलं. बसमधल्या कुणालाही विचारा, सगळ्यांना तेच वाटलं.

गुरुवारी निम्मं गाव घाटावर घडीच्या खुर्च्या घेऊन आलं. हर्शेल ट्रकमध्ये, काच खाली करून, थर्मास मांडीवर. होडी आत गेली. पिवळा गोळा सायप्रसच्या बुंध्यांमधून सरकत गेला आणि दिसेनासा झाला. पण आवाज जाईना. पाण्यावरून आवाज कसा येतो, अगदी कानात चमचा घातल्यासारखा.

"डावीकडे!"

"तुझं डावं की माझं?"

"डावं सगळ्यांचं एकच असतं, कॉय!"

"तू उलटी बसलीस तर नसतं!"

"मी कधी उलटी बसले? मार! मार ना! गेला. गेला तो. आता त्याला पत्र पाठव."

"हललीस तू!"

"पाणी हललं! पाण्याला सांग कॉय डीकन आहे म्हणून, थांबेल ते!"

हे असं पुलापर्यंत, आणि पुलापासून परत. मधे कधीतरी एक लांब शांतता झाली. घाटावर सगळे खुर्चीतून पुढे झुकले. मला वाटलं, आता ढकललं. मग दोरी सुटल्याचा सूंऽऽ आवाज, पाण्यात धडपड, आणि कॉयची आरोळी, शब्द नसलेली. त्यावर ट्वायला म्हणाली, "लागला तरी ओरडतोस, चुकला तरी ओरडतोस. मासेसुद्धा कंटाळले तुला."

होडी घाटाला लागली. दोघं उतरले. टाचेपासून टोपीपर्यंत कोरडे. घसेसुद्धा कोरडे, बोलता येईना. फळीवर बफेलो पडलेला, डुकराच्या पिल्लाएवढा.

हर्शेलनं ट्रकमधून विचारलं, "दिसत होतं का नीट?"

कॉय टोपी काढून डोकं खाजवत राहिला. "दिसत होतं."

"पिवळ्यात?"

त्यानं टोपी परत घातली. "पिवळ्यात," कॉय घोगऱ्या आवाजात म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडातून दात काढल्यासारखा निघाला.

"बरं झालं," हर्शेल म्हणाला आणि थर्मासचं झाकण शोधू लागला. ते त्याच्या मांडीवरच होतं. "मला त्या दिवशी काहीच दिसत नव्हतं. ना पांढरं, ना पिवळं. दोन वर्षं झाली, सगळं साबणाच्या पाण्यातून बघतोय."

"मग माझं नाव का घेतलंत?" ट्वायला.

"लघवीला लागली होती. तुझा दिवा शेवटचा होता."

घाटावर मिस ओपलनं प्रार्थनेसाठी हात जोडायला सुरुवात केली होती, ती "लघवी" ऐकून थांबली.

मग कॉयच्या तोंडावर हळूहळू उजाडत गेलं. "म्हणजे निकाल झालाच नाही. म्हणजे होडी..."

"कॉय, एक शब्द बोललास तर बघ."

"निम्मी माझी!"

आणि कोरडे पडलेले दोन्ही घसे पुन्हा चालू झाले. होडी ट्रेलरवर चढेपर्यंत, ट्रेलर रस्त्याला लागेपर्यंत, दोन्ही ट्रक दोन दिशांना जाईपर्यंत. कॉय दुसऱ्याच दिवशी आपल्या पट्ट्या घेऊन आला. आता प्रुएटांच्या होडीची डावी बाजू पिवळी आहे आणि उजवी पांढरी. पण बटणं सगळी मागच्या खुर्चीच्या हातापाशी आहेत, आणि पाणी गढूळ असलं की ट्वायला पांढरं बटण बंद करते. आमच्याकडे पाणी गढूळच असतं. हर्शेलचे डोळे शरद ऋतूत मोठ्या शहरात नेऊन करून आणले. डोळ्यांवरची पट्टी निघाल्यावर त्यानं दोन्ही लेकरांकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "दोघंही किती कुरूप झालात रे."

माझं काम शनिवारी सकाळी ठरलं. माउंट हेब्रनचा हौद, पाणी काढलेला, चिखलाची रेघ सिमेंट झालेली, आणि माझ्या हातात दात घासायचा ब्रश. ब्रदर लिंडेलनं मला पाहून विचारलं, तू का? ट्वायला पहिल्या बाकावरून म्हणाली, "त्याला नकला करायला आवडतात. आज तो माझी करतोय."

ती तळलेली सफरचंदाची करंजी खात बसली होती. शेजारी बॅटरी, आणि बॅटरीला जोडलेली कॉयची पांढरी पट्टी. ती तिनं उचलली आणि झोत सरळ निळ्या बगळ्याच्या पायांशी मारला.

"तिथं राहिलंय," ती म्हणाली. "आणि तिथं. आणि त्या सांध्यात. घासणाऱ्यासाठी चांगला आहे हा दिवा. एकेक डाग दिसतो."